दीड इंच

१

जोडे शिवणाऱ्या बाईला माणसाचे तोंड मागाहून दिसते. आधी दिसतात ते पाय. टाच कोणत्या बाजूने झिजली आहे, चवड्यावर भार किती पडतो, माणूस घाईचा आहे की रेंगाळणारा, हे सारे तळावर लिहिलेले असते, आणि तिला ते वाचता येत असे. लग्नाआधी मास्तर तिच्या वडिलांच्या दुकानात प्रथम आले, तेव्हाही मान वर करण्यापूर्वीच तिने ओळखले होते, की या माणसाचा डावा पाय दीड इंच आखूड आहे आणि त्याचे वाईट वाटणे त्याने केव्हाच सोडून दिले आहे.

मास्तर शाळेत भूगोल शिकवत. "पृथ्वीसुद्धा कललेलीच फिरते," ते वर्गात सांगत, "मग मी एकट्यानेच सरळ का चालावं?" घरी याच विनोदाला शेपूट फुटे: "दीड इंच कमी पडला, म्हणून दीडशहाणा झालो." ती त्यांना मास्तर म्हणे, आणि ते तिला कारागीर म्हणत. एकोणीस वर्षे त्यांचे जोडे तीच करीत आली होती. डाव्या जोड्याला दीड इंचाचा चढ, चामड्याचे सात थर एकावर एक बसवून घासलेला, असा बेमालूम की पाहणाऱ्याला तो दिसू नये. तो जोडा दुसऱ्या कोणाच्याही पायात चालला नसता. बोलून दाखवला नाही, तरी तिला याचा अभिमान होता.

त्या वर्षी दुकानाला आठ दिवस कुलूप लावून दोघे किनाऱ्याच्या रस्त्याने निघाली. गाडी ती चालवी. मास्तर मांडीवर नकाशा पसरून पुढचे गाव सांगत. चौथ्या दिवशी दुपारी रस्ता एक वळण घेऊन खाली उतरला आणि समुद्राला टेकलेल्या एका गावात जाऊन संपला. आभाळ राखेच्या रंगाचे होते. मास्तर उतरले, आणि त्यांचे पहिले पाऊल पडताच तिच्या कानाने चूक पकडली.

"थांबा. चढाचा खालचा थर सुटतोय."

"तुझे कान आहेत की भिंग?"

"काल खाऱ्या पाण्यात मिरवत होतात ना? मग सुटणारच. आज इथेच राहू."

२

गावाच्या टोकाला एका घरात खोली मिळाली. घरमालकीण साठीच्या पुढची, सडपातळ, हातांना तेलाचा वास असलेली. "या," ती म्हणाली, "दोन दिवस राहा, नाहीतर दहा. इथे घाई कोणालाच नसते."

वरच्या मजल्यावरची खोली स्वच्छ होती. लोखंडी पलंग, भिंतीवर चार खुंट्या, एक खिडकी समुद्राकडे आणि एक मागच्या अंगणाकडे. अंगणात ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. चाकांतली हवा कधीच गेलेली, कडेने शेवाळ चढलेले.

"ही कोणाची?" तिने विचारले.

"आधीच्या पाहुण्यांची."

"नेली नाही त्यांनी?"

"त्यांना आता लागत नाही," घरमालकीण म्हणाली आणि उशीचा अभ्रा सारखा करून खाली गेली.

तिला खटकले ते मात्र गाडीपेक्षा लहान होते. ओसरीच्या पायरीवर भिंतीलगत एक फळी होती, आणि फळीवर पुरुषी वहाणांचा एकच जोड, तोंड घराकडे करून ठेवलेला. चामडे तेल पाजून लोण्यासारखे मऊ राखलेले. पण तळ कोरडा, आणि शिवणीत धुळीचा एक कणही नाही. वापरात नसलेल्या जोडाची इतकी निगा तिने कुठे पाहिली नव्हती. गल्लीतून येताना प्रत्येक घरापुढे अशीच फळी होती, आणि बहुतेक फळ्यांवर असाच एकेक जोड.

"गावात पुरुष कमी आणि जोडे फार," मास्तर कुजबुजले. "सगळे समुद्रावर गेले असतील."

"अनवाणी?"

जे दोन-तीन पुरुष दिसले होते, त्यांतला एक दारात बसून जाळे विणत होता. तो सफाईने विणत होता, पण त्याच्या मधल्या बोटाला लेखणीने पडलेला घट्टा होता. असला घट्टा जाळे विणून पडत नाही, हे तिला ठाऊक होते. पण परक्याच्या बोटांवरून तर्क करीत बसणे हे रिकाम्या डोक्याचे काम, असे म्हणून तिने तो विचार बाजूला सारला.

३

हत्यारांची पिशवी तिच्याबरोबर नेहमी असे.

"सुट्टीतही रापी?" मास्तर पलंगावर पाय हलवत म्हणाले.

"तुमचा पाय जातो का सुट्टीवर?"

तिने सुटलेला थर खरवडला, दोन्हीकडे सोल्यूशन लावले, वाळू दिले, मग दाबून बसवले आणि कडेने चार टाके घालून जोडा पलंगाच्या लोखंडी पायाखाली दाबून ठेवला. "उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि तोवर मी काय करू?"

"तोवर पृथ्वीचा आस किती अंशांनी कललाय ते आठवत बसा."

पण समुद्र खिडकीत होता आणि दिवस उतरू लागला होता. थोड्या वेळाने मास्तर उठलेच. अनवाणी जिन्यावरून त्यांची ओळखीची पावले उतरताना तिने ऐकली: धप्, टप्. उजवा पाय भरीव पडे; डाव्याची टाच जमिनीला लागत नसे, म्हणून तो हलका. एकोणीस वर्षे घरात हाच ताल वाजत होता.

खालून हाक आली, "कारागीर! वाटेवर खडी आहे गं. फळीवरच्या वहाणा घालून जातो, लगेच येतो."

ती उजव्या जोड्याची टाचही पाहून घेत होती. तोंडात दोरा होता. दातांतूनच म्हणाली, "लंगडाल त्यांत."

"नाहीतरी!" मास्तर हसून म्हणाले.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता. तो मध्येच थांबला. बराच वेळ थांबलेलाच राहिला.

४

दिवेलागणीला ओसरीवर पावले वाजली. घरमालकिणीचा आवाज तिने ऐकला, आणि त्या कोरड्या बाईच्या गळ्यात इतके मार्दव असेल असे तिला वाटले नव्हते.

"आलास?"

"आलो."

मग जिन्यावर पावले चढू लागली. धप्, धप्, धप्, धप्. कोणी दुसराच पाहुणा असेल म्हणून ती दाराकडे पाठ करून दोरा गुंडाळत राहिली. दार उघडले आणि आत आले ते मास्तरच होते. तोच चेहरा, तोच कपाळावरचा व्रण, विजारीची किनार भिजलेली. दोन्ही टाचा जमिनीवर टेकवून तो उभा होता.

माणसाची बुद्धी अशा वेळी लबाड वकिलासारखी वागते. जमीन तिरकी असेल, असे तिने ठरवले, आणि दोऱ्याचे रीळ खाली ठेवून पाहिले. रीळ जागचे हलले नाही. मग डाव्या वहाणेचा तळ जाड असेल. दोन्ही वहाणा तिने हातात घेऊन बोटांनी चाचपल्या. तळ केसाचाही फरक नसलेले. शेवटी ती म्हणाली, "आडवे व्हा बघू. माप घ्यायचंय."

तो निमूट आडवा झाला. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत तिने फीत लावली. हे माप तिने शंभरदा घेतले होते. झोपेतही घेतले असते. उजवा पाय, मग डावा. पुन्हा उजवा. फितीने तिन्ही वेळा एकच आकडा दाखवला.

"बरं झालं की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्य नव्हते.

तिने हसल्यासारखे केले. "पृथ्वीसुद्धा..." ती म्हणाली, आणि वाट पाहू लागली.

त्याने तिच्याकडे पाहिले, एखाद्या भल्या माणसाने अनोळखी बाईकडे पाहावे तसे.

"पृथ्वीचं काय?"

५

झोप अशी लागलीच नाही. खिडकी करडी झाली तेव्हा तो शेजारी गाढ झोपला होता; चादरीबाहेर आलेली त्याची पावले एका ओळीत होती. आणि खालून, पायऱ्यांच्या दगडावरून, आवाज आला.

धप्, टप्. धप्, टप्.

ती उठून बसली. आवाज ओसरीपर्यंत आला आणि थांबला. कोणीतरी उभे होते. कुठे काही हरवले की मास्तर जसे उभे राहत, तसा तो थांबा होता: दोन श्वासांचा, थोडा ओशाळलेला. मग आवाज परत फिरला. टप्, धप्, लांब जात, लाटांत मिसळला.

ती खाली गेली. पायऱ्यांवर ओली पावले उमटली होती. उजवे पाऊल पूर्ण. डाव्याचा फक्त चवडा आणि बोटे. समुद्राकडून वर आलेली, फळीपाशी जुळलेली, आणि परत गेलेली. चवड्यावर चालणारे कोणीही असू शकते, तिची बुद्धी म्हणाली. एखादे खोडकर पोर असेल. मग ती खाली वाकली. डाव्या ठशात चारच बोटे होती. मास्तरांची डावी करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली. त्या करंगळीसाठी ती लाकडी साच्यावर गव्हाच्या दाण्याएवढा उंचवटा ठेवीत असे. हे जगात दोघांनाच ठाऊक होते.

तिने ठशावर तळहात ठेवला. दगड थंडगार होता. पाहता पाहता तो वाळला आणि मिठाची एक बारीक पांढरी रेघ मागे राहिली.

६

सकाळी तिने पलंगाच्या पायाखालून जोडा काढला. चढ पक्का बसला होता. त्याच्यापुढे गुडघे टेकून ती म्हणाली, "हा घाला."

त्याने पाय पुढे केला. जोडा पायात गेला, नाडी बसली. तो उठला, एक पाऊल टाकले, आणि कोलमडून भिंतीवरच्या खुंट्यांवर आदळला. धड पायांच्या माणसाने तो जोडा घालून दुसरे काय व्हायचे होते?

"वाकडा आहे हा जोडा," तो म्हणाला, आणि काढून टाकला.

तिला वाटले, कोणीतरी आपल्या तोंडात मारली.

घरमालकीण दारात उभी होती. "सूनबाई, कशाला छळतेस त्याला? अकरा वर्षांनी घरी आलाय."

"मी तुमची सून नाही. माझा नवरा कुठे आहे?"

म्हातारीचा आवाज दुष्ट नव्हता. तसा असता तर बरे झाले असते. तो दमलेला होता. "माझा लेकही असाच यायचा रोज पहाटे," ती म्हणाली. "फळीपाशी उभा राहायचा. स्वतःचे जोडे स्वतःला घालता येत नाहीत गं त्यांना. कोणीतरी पायात घालून त्यांना वर आणावं लागतं." मग पदराने हात पुसत ती वळली. "चहा झालाय. ये रे."

"आलो, आई," तो म्हणाला. मास्तरांची आई जाऊन सोळा वर्षे झाली होती.

गाडीची किल्ली खुंटीला होती. तिने ती काढली, मुठीत धरली. रस्ता एकच होता आणि तो वर जात होता. पण उद्या पहाटे धप्, टप् करीत कोणी त्या पायऱ्या चढेल, आणि फळीवर काहीच नसेल. मग किल्ली पुन्हा खुंटीला लावून खाली गेली आणि मास्तरांचे जोडे फळीवर ठेवले, तोंड घराकडे करून.

७

शेजारच्या घराच्या पायरीवर एक तरुण बाई बसली होती. अंगावरचे कपडे शहरातले, उन्हाने विटलेले. तिच्या मागे फळीवर दोन होडक्यांएवढे बूट होते.

"नवीन दिसता," ती म्हणाली.

"तुम्ही इथल्याच का?"

"नव्हते." तिने बुटावरची माशी हाकलली. "फिरायला आलो होतो. आमच्यांनी त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या चपला घातल्या, समुद्रावर जाऊन येतो म्हणाले. तिसरं वर्ष चाललंय."

"आणि कोणी...?"

"पाय फार मोठा हो आमच्यांचा. बारा नंबर. येणारे जाणारे उचलून बघतात, हसतात, ठेवून देतात. होतच नाही कोणाला." हे तिने इतक्या घरगुती सुरात सांगितले, की जणू मुलाला स्थळ मिळत नव्हते. मग तिची नजर इकडच्या फळीवरच्या, चढाच्या जोड्याकडे गेली, आणि तिचा चेहरा मवाळ झाला.

"अगंबाई," ती म्हणाली. "तुमचं तर कठीणच आहे, ताई."

८

तीन पहाटा पावले आली आणि गेली. चौथ्या दिवशी ती उजाडण्यापूर्वीच दाराआड बसली. साखळी लावून दार वीतभर उघडे ठेवले. वीतभर फटीतून फळी दिसत होती, आणि गुडघ्याच्या उंचीपर्यंतची ओसरी.

धप्, टप्.

प्रथम विजारीची किनार दिसली, निथळणारी. मग पाय. उजवा जमिनीवर टेकलेला. डाव्याची टाच वर उचललेली, चढलेल्या करंगळीचा, साबणाच्या वडीसारखा पांढराफटक. डावा पाय जोड्याच्या तोंडाशी आला, थबकला, आणि सवयीने आत शिरला.

पाय जोड्यात गेला, आणि जोडा रिकामाच राहिला.

वरून कोणीतरी श्वास आत घेतला, विनोद करण्यापूर्वी मास्तर घेत तसा. तिने साखळीवर हात टाकला. कडी निघेना. कडी निघाली तेव्हा ओसरीवर पाणी होते आणि आभाळ उजळत होते.

९

दुपारी ती पायरीवर हत्यारे मांडून बसली. डावा जोडा मांडीवर उलटा धरला आणि चढाच्या शिवणीत रापीचे टोक घातले.

आपले काम आपल्या हाताने उसवणे कारागिराला जड जाते. पहिला थर निघेना. चांगला बसवला होता ना! मग तो निघाला, त्यामागून दुसरा, तिसरा. प्रत्येक थर सुटताना तिला उमगत होते, की जो कोणी परत येईल तो सरळ चालेल. ती चाल आता फक्त तिच्या कानात उरेल. चेहराही दुसऱ्याचाच असेल. पण तो श्वास, ते "नाहीतरी!" तेवढ्यासाठी तिने चौथा थर काढला. सातवा निघाल्यावर तळ कानशीने घासला, उजवा जोडा शेजारी ठेवून पाहिला. दोन्ही समान. करंगळीसाठी ठेवलेला फुगवटाही तिने ठोकून सपाट केला.

घरमालकिणीने आतून तेलाची वाटी आणून मुकाट्याने तिच्याजवळ ठेवली. मागच्या अंगणात तो ताडपत्री पसरत होता, तिच्या गाडीवर.

उतारावर गाडीचा आवाज आला. गाडी वळण घेऊन गल्लीत शिरली आणि थांबली, कारण पुढे रस्ताच नव्हता. एक गृहस्थ उतरला, आळस देत हसत पुढे आला. तिने, सवयीने, आधी पाय पाहिले. आठ नंबर. मास्तरांचाही आठच.

"खोली मिळेल का हो इथे?"

तिने वर पाहिले. गाडीत त्याची बायको नकाशाची घडी घालीत होती. घडी चुकत होती, आणि ती स्वतःशीच हसत होती. तेलाचे बोट जोड्यावर जिथल्या तिथे थांबले. दगडावर पहाटेच्या मिठाची रेघ अजून दिसत होती.

"या," ती म्हणाली. "इथे घाई कोणालाच नसते." आणि मग, त्याच्या धडधाकट बुटाकडे पाहत: "डाव्याची टाच सुटत आलीय तुमची. काढून द्या इकडे. उद्या सकाळपर्यंत करून देते."